पहिली ओंजळ

"यमूला उद्या शेतावर आणू नकोस," दादा म्हणाला आणि बशीतला चहा फुंकू लागला.

मी पडवीत बसून पोपटीसाठी आणलेल्या वालाच्या शेंगा गोणपाटावर पसरत होतो. निबर शेंगा बाजूला, कोवळ्या बाजूला, किडक्या अंगणात. माझा हात थांबला.

"का? तिला बरं नाहीये का?"

"तिला काय धाड भरलीय? मी सांगतोय म्हणून."

"दादा, मडकं ती भरते. मग ती शेतावर नको म्हणजे काय?"

"मडकं भरायला काय विद्या लागते? पाला घाला, शेंगा घाला, तोंड बंद करा. तू इंजिनियर ना? तुला नाही जमायचं?"

मी इंजिनियर नव्हतो. पॉलिटेक्निकमधून यंत्र विषयाची पदविका घेऊन गावाजवळच्या कारखान्यात देखभाल विभागात लागलो होतो, आणि हा फरक दादाला चांगला ठाऊक होता. मुंबईच्या पाहुण्यांसमोर मात्र तो मला न चुकता इंजिनियर करत असे. त्या वेळी मला त्यात त्याचे प्रेम दिसे. माणसांची ओळख आपल्या सोयीने बदलून सांगण्याची ती सवय होती, हे मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळले.

राग आला की माझा क्रम चुकतो. इतक्या वर्षांनंतरही या प्रसंगाची आठवण निघाली की तो चुकतो. म्हणून आधी क्रम लावतो.

आम्ही घरत. अलिबागच्या बाजूला आमचे लहानसे गाव आहे. आम्ही तीन भावंडे: हरिश्चंद्र म्हणजे दादा, मधली यमुना म्हणजे ताई आणि धाकटा मी, मुरलीधर. दादा मुंबईला बँकेत होता, चेंबूरला वहिनी आणि मुलगी वृंदा यांच्याबरोबर राहत होता. गावच्या घरात ताई आणि मी. माझी पत्नी त्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती.

ताईच्या बोटांवर ती वयात येतानाच पांढरे डाग उमटले. कोड. पुढे ते मनगटापर्यंत चढले, मग ओठांच्या कडेला आले. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते की हा संसर्ग नाही, याने कोणाला काही होत नाही, कातडीचा रंग गेला आहे इतकेच. पण तिला पाहायला आलेले लोक चहा न घेता उठू लागले आणि नंतर यायचेच बंद झाले. ताईने त्यावर फारसे बोलणे कधी केले नाही. तिने शेत हाती घेतले, स्वयंपाकघर हाती घेतले, आणि आमच्या घराचे वर्ष तिच्या हातच्या चवींवर चालू लागले. आषाढात शेवळांची रानभाजी, बोंडगीच्या पानांत घोळून, घशाला खवखव न होऊ देता. श्रावणात कुर्डूची भाजी. भाद्रपदात हळदीच्या पानातले पातोळे. भात कापून झाला की ओल्या जमिनीत वाल टाकायचे आणि ते नुसत्या दवावर वाढवायचे. थंडी भरात आली, शेंगा टपोऱ्या झाल्या, की पोपटी.

ज्यांनी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मातीच्या मडक्यात बांधावरचा भांबुर्ड्याचा पाला तळाशी घालायचा. त्यावर अख्ख्या शेंगा, जाडे मीठ आणि ओवा. मध्ये बटाटे, रताळी, अंडी, मसाला चोळून केळीच्या पानात गुंडाळलेले कोंबडीचे तुकडे. वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला घट्ट कोंबायचा. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मडके शेतात पालथे घालायचे, भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचे. आतला ऐवज स्वतःच्या वाफेवर शिजतो. झाले की नाही हे उघडून पाहता येत नाही. उघडले की वाफ गेली आणि पोपटी बिघडली. म्हणून ताई तापल्या मडक्यावर पाण्याचे शिंतोडे उडवायची. थेंब सरळ ओघळला तर अजून वेळ आहे. चर्र करून जागच्या जागी विरला तर झाले.

आमच्या घरची आणखी एक रीत होती. मडके चादरीवर उपडे केले की पहिली ओंजळ मडके भरणाऱ्याची. त्याच्या तोंडात एक दाणा गेल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही. मग वय नाही, मान नाही, सगळे एकाच चादरीभोवती मांडी घालून बसणार आणि ताव मारणार. आई होती तेव्हा पहिली ओंजळ आईची होती. तिच्यामागे ताईची.

आता पडवीवर परत येतो.

"भोईर येणार आहेत उद्या," दादाने बशी खाली ठेवली. "पनवेलचे. वृंदाला बघून गेलेत, मुलगा पसंत आहे, पोरगी पसंत आहे. गावचं घर बघायचं म्हणाले, मी म्हटलं थेट शेतावर पोपटीलाच या. एवढं जमत आलंय मुरली. आता यमूचे हात त्यांच्या नजरेला पडले, तर उद्या म्हणतील हे घराण्यात आहे, पोरांना होईल. वृंदाला जन्मभर घरात बसवू का तिच्यासारखी?"

"तिच्यासारखी? तू कॉलेजात असताना दर शनिवारी एसटीनं डबा कोण धाडायचं? तुला कावीळ झाली तेव्हा महिनाभर चेंबूरच्या खोलीत कोण राहिलं होतं?"

"ते मी नाकारतोय का? एक दिवसाचा प्रश्न आहे. एक संध्याकाळ."

"आणि लग्नात? लग्नात कुठे ठेवणार आहेस तिला?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

मी उठलो. काय बोललो असतो ते सांगता येत नाही, कारण दारात ताई उभी होती. तिच्या हातात पाल्याचा भारा होता. भांबुर्ड्याचा तो उग्र, हिरवा वास पडवीभर झाला.

"ओरडू नको मुरली. वृंदा झोपलीय आत." तिने भारा खाली टाकला. "दादा म्हणतो ते बरोबर आहे. मी नाही येत शेतावर."

"ताई!"

"पोरीचं लग्न आहे. मी मडकं इथेच अंगणात भरून देईन. तुम्ही न्या. पाणी शिंपडून बघशील ना नीट? घाई करशील तू. तुझ्या कारखान्यासारखं घड्याळ बघून चालत नाही ते."

दादा मोकळा हसला. "बघ, तिला कळतं. तुलाच कळत नाही."

तो आत गेल्यावर ताई माझ्यासमोर बसली आणि शेंगा निवडू लागली. काही वेळाने खाली मान घालूनच म्हणाली, "मला शब्द दे. उद्या त्यांच्यासमोर माझा विषय काढणार नाहीस."

"हे अन्यायाचं आहे."

"असेल. शब्द दे."

मी दिला. दात आवळून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारीच मी शेतावर गेलो. भातखाचराच्या कोपऱ्यात जमीन साफ केली, पेंढा आणला, गोवऱ्या रचून ठेवल्या, बांधालगत चादर अंथरली. कामाने राग उतरतो असा माझा अनुभव आहे, पण त्या दिवशी तो प्रत्येक गोवरीबरोबर चढत गेला. उन्हं कलायला आली तेव्हा दादाची भाड्याची गाडी आली. पुढच्या सीटवर, दादाच्या मांडीवर, ताईने भरलेले मडके होते. एखाद्या बाळासारखे त्याने ते दोन्ही हातांनी धरले होते.

मागून भोईर मंडळी उतरली. नामदेवराव भोईर अंगाने भरलेले, मोकळ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांची पत्नी सडसडीत, डोळ्यांनी सगळे टिपणारी. मुलगा संदेश उंच, थोडा लाजरा. मग वहिनी, आणि शेवटी वृंदा. तिने फिकट पिवळा पंजाबी ड्रेस घातला होता आणि ती गाडीतून उतरल्यापासून कोणाशीही बोलत नव्हती.

"हे आमचे धाकटे बंधू, इंजिनियर," दादा म्हणाला.

"देखभाल विभागात आहे," मी म्हणालो.

"म्हणजे पोपटीची देखभाल तुमच्याकडे!" नामदेवराव गडगडून हसले. "आमच्याकडे मी लावतो हो. पण आमच्या बाईसाहेब म्हणतात, तुमच्या पोपटीतल्या शेंगा कच्च्या आणि बटाटे जळके."

"खोटं बोलते का मी?" भोईरबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी अंडं फोडलं तर पांढरं पाणी."

"अहो, ते हाफ बॉइल होतं. मुंबईत पैसे मोजून खातात."

सगळे हसले. संदेश गोवऱ्या रचायला माझ्या मदतीला आला. मी मडके पालथे घातले, पेंढा लावला, काडी ओढली. जाळ भडकला तशा सगळ्यांच्या चेहऱ्यावर ऊब आली. वाऱ्याबरोबर धूर फिरला की मंडळी चादरीच्या या टोकाकडून त्या टोकाला पळत आणि पुन्हा हसत. माणसे वाईट नव्हती. हे मी मुद्दाम नोंदवतो. माझा सगळा संताप पुढे ज्याच्यावर झाला, तो पाहुण्यांतला कोणी नव्हता.

जाळ खाली बसायला लागला. मी तांब्यातले पाणी हातात घेऊन शिंपडले. थेंब मडक्यावरून ओघळत खाली गेला.

"अजून नाही," मी म्हणालो.

"अगदी त्या बाई म्हणाल्या तसंच केलंत," भोईरबाई म्हणाल्या.

"कोणत्या बाई?"

"तुमच्या घरी, अंगणात मडकं भरत होत्या त्या. आम्ही जरा लवकर पोचलो, म्हणून घरीच आलो. मला तहान लागली होती, त्यांनीच विहिरीचं पाणी काढून दिलं. मी म्हटलं, पोपटी झाल्याचं कसं कळतं हो, आमच्याकडे दर वेळी भानगड होते. तर म्हणाल्या, उघडून बघू नका, पाण्याला विचारा." त्या हसल्या. "मला फार आवडलं. नाव काय त्यांचं?"

मी दादाकडे पाहिले. दादा शेताच्या पलीकडच्या नारळांकडे पाहत होता.

"कामाला असते ती," तो म्हणाला. "जुनी आहे. घरच्यासारखीच."

घरच्यासारखीच. माझ्या हातातली काठी निखाऱ्यांत इतक्या जोरात गेली की ठिणग्या उडाल्या आणि संदेश मागे सरकला.

"काका, लागलं का?"

"नाही."

मी शब्द दिलेला होता. तो शब्द मला त्या क्षणी निखाऱ्यासारखा तोंडात धरावा लागला. वृंदाने मान वर करून आधी वडिलांकडे, मग माझ्याकडे पाहिले. मी नजर चुकवली नाही. तिनेही नाही.

पुन्हा पाणी शिंपडले. चर्र. थेंब जागीच विरला.

काठ्यांनी विस्तव बाजूला केला, गोणपाटात धरून मडके उचलले आणि चादरीवरच्या केळीच्या पानांवर उपडे केले. तोंडाशी कोंबलेला काळपटलेला पाला ओढून काढला, आणि आतून जो वास आला त्याने नामदेवराव गप्प झाले. ओव्याचा, मातीचा, धुराचा, हिरव्या शेंगांच्या गोडव्याचा. शेंगा ओल्या हिरव्या, कडा किंचित करपलेल्या. रताळ्यांतून चिकट रस फुटलेला. केळीचे पान उलगडले तर कोंबडी हाडापासून सुटत होती. कुठे कच्चे नाही, कुठे जळके नाही. ताईने थर असे लावले होते की प्रत्येक वस्तूला तिच्यापुरती आच मिळावी.

नामदेवरावांनी हात पुढे केला.

"थांबा," वृंदा म्हणाली. त्या संध्याकाळचा तिचा तो पहिलाच शब्द. "आमच्याकडे पहिली ओंजळ ज्यानं मडकं भरलं त्याची असते. मग बाकीच्यांनी घ्यायचं."

"अरे वा," नामदेवरावांनी हात मागे घेतला. "छान रीत आहे. मग कोणी भरलंय?"

वहिनी पदराचे टोक पिळत होत्या. माझ्या मनात आले, आता तरी हा माणूस काहीतरी निभावून नेईल. म्हणेल, आज पाहुण्यांनी आधी घ्या. म्हणेल, रीत राहू द्या. इतके सोपे होते ते.

दादा पुढे वाकला. त्याने दोन्ही हातांनी शेंगांची ओंजळ भरली.

"मीच," तो म्हणाला, आणि शेंग सोलून दाणा तोंडात टाकला.

मी आयुष्यात पुष्कळ लबाड माणसे पाहिली. कारखान्यात निकामी सुट्या भागांवर नवा शिक्का मारणारे पाहिले. पण आईनंतर जी ओंजळ माझ्या बहिणीच्या पांढऱ्या पडलेल्या हातांत जात होती, ती सख्ख्या भावाने पाहुण्यांदेखत अशी उचलून खाल्लेली त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"पण त्या बाई भरत होत्या ना?" भोईरबाई म्हणाल्या. "मी डोळ्यांनी पाहिलं."

"मी सांगत होतो, ती घालत होती," दादा चावत म्हणाला. "घ्या, घ्या, गार होईल."

वृंदा उठली. तिने ओढणीचे टोक पसरले, चादरीवर वाकली, आणि मधल्या, चांगल्या भाजलेल्या शेंगा वेचून ओढणीत घेतल्या. एक रताळे घेतले. एक अंडे.

"कुठे चाललीस?" दादाचा आवाज चढला.

"घरी. आत्याला देऊन येते."

"वृंदा, बस खाली."

"तिनं भरलंय बाबा. तिला दिल्याशिवाय मी खाणार नाही."

भोईरबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी दादाकडे पाहिले, मग वहिनींकडे, आणि अगदी हळू, जणू स्वतःचीच काही चूक होत असावी अशा सुरात विचारले, "आत्या? पण तुम्ही तर म्हणाला होतात, एक बहीण होती, ती वारली."

बांधावर निघालेली वृंदा जागीच थांबली. तिलाही हे ठाऊक नव्हते. वहिनींना ठाऊक होते. त्यांनी मान इतकी खाली घातली की मला फक्त त्यांचा भांग दिसला.

"तसं नाही," दादा म्हणाला. "म्हणजे, एक... लांबची..."

"ती आहे," मी म्हणालो.

"मुरली!"

"माझी सख्खी बहीण आहे. यमुना तिचं नाव. दादाच्या पाठची, माझ्या आधीची. तिच्या हातांवर कोड आहे, म्हणून तिला आज घरी ठेवलंय. तुम्हाला पाणी दिलं ती तीच. मडकं भरलं ती तीच."

"तू शब्द दिला होतास तिला!" दादा ओरडला. म्हणजे आदल्या दिवशी त्याने आतून ऐकले होते.

"तिच्याबद्दल गप्प राहण्याचा दिला होता. ती मेल्याचं ऐकून घेण्याचा नव्हता दिला."

नामदेवराव आपल्या बायकोकडे पाहू लागले. संदेशने हातातली शेंग चादरीवर परत ठेवली, हळूच, आवाज होऊ न देता.

"डाग पाहिले मी त्यांच्या हातांवर," भोईरबाई म्हणाल्या. "पाणी घेतानाच पाहिले. माझ्या मावशीला होते." मग त्या उठल्या आणि साडी झटकली. "घरावरूनच जायचं ना आपल्याला? मला त्यांना भेटायचंय."

कोणी काही खाल्ले नाही. मी चादरीची चारी टोके धरून पोपटीचे गाठोडे बांधले. सगळे गाडीत बसले, मी आणि वृंदा बांधावरून चालत आलो. तिच्या ओढणीतून वाफ येत होती. ती वाटेत फक्त एकदा बोलली.

"काका, आत्याला सांगायचं हे?"

"मी सांगेन," मी म्हणालो. "तिच्याबद्दल या घरात पुष्कळ गोष्टी तिला न सांगता ठरल्या. आता नाही."

आम्ही पोचलो तेव्हा भोईर मंडळी अंगणात उभी होती आणि ताई, गोंधळलेली, पदराने हात झाकत होती. भोईरबाई तिच्यासमोर उभ्या होत्या.

"दुपारी पाणी दिलंत," त्या म्हणाल्या. "नाव विचारायचं राहून गेलं."

ताईने दादाकडे पाहिले. दादाने मान फिरवली.

"यमुना," ती म्हणाली.

"बरं यमुनाताई. येतो आम्ही."

"थांबा की. जेवलात का? पोपटी कशी झाली?"

भोईरबाईंनी ताईचे दोन्ही हात पदरातून बाहेर काढून हातात घेतले, एकदा दाबले आणि सोडले. नामदेवरावांनी सगळ्यांना नमस्कार केला, दादालाही केला. "कळवतो," ते म्हणाले. गाडी गेली. पुढे काय कळवले ते इथेच सांगून टाकतो: मध्यस्थाकरवी नकार आला, आणि मुलीबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही, असे त्यात स्पष्ट होते. दादा मात्र अखेरपर्यंत सांगत राहिला की यमूच्या कोडामुळे वृंदाचे जमलेले लग्न मोडले.

त्या संध्याकाळी अंगणात आम्ही घरचेच उरलो. वृंदाने ताईला पायरीवर बसवले आणि ओढणीतल्या शेंगा तिच्या ओंजळीत ओतल्या. ताईने एक शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला, चावला, थोडा विचार केला.

"ओवा जरा जास्त झाला," ती म्हणाली. "काय झालं तिकडे? ते न जेवता का गेले? मुरली, तू काही बोललास ना?"

मी सगळे सांगितले. क्रमाने सांगितले. कामवाली म्हटले ते, ओंजळ घेतली ते, आणि शेवटी ते. ताईची बोटे सोललेल्या शेंगेवर फिरत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला रडू दिसले नाही. कोणीतरी अवघड हिशेब घातला आहे आणि तो आपल्याला सुटत नाही, अशी ती दादाकडे पाहत होती.

"कशानं?" तिने विचारले.

"काय?" दादा म्हणाला.

"मी कशानं गेले, असं सांगितलंस? विचारलं असेल ना त्यांनी. कोणी गेलं म्हटलं की माणसं विचारतात, कशानं गेली."

दादा पायरीच्या कडेला बसला होता. त्याचा तोरा उतरला होता, राग उतरला नव्हता.

"यमू, मी पोरीसाठी..."

"कशानं, दादा?"

"काविळीनं," तो म्हणाला.

चेंबूरच्या खोलीतला तो महिना आम्हा सर्वांनाच ठाऊक होता. उसाचा रस, पातळ भात, रात्री उशाशी बसणे. आजार त्याचा होता. त्याने तो उचलून तिला लावला होता. दुसरा त्याला सुचला नसावा.

ताईने मला गाठोडे सोडायला सांगितले. मी चादर अंगणातच पसरली. पोपटी कोमट झाली होती, पण पाल्याचा वास तसाच होता. वृंदा मांडी घालून बसली. मी बसलो. वहिनी आतून पाण्याचे तांबे घेऊन आल्या, घुटमळल्या, आणि ताईने हाताने खूण केल्यावर बसल्या. ताईने त्यांच्यापुढे रताळे सरकवले. "घ्या वहिनी. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या." वहिनींनी ते हातात घेतले आणि डोळे पुसले.

आम्ही खाऊ लागलो. दाणे मऊ होते, मिठाला नेमके होते. ओवा जास्त वगैरे काही झालेला नव्हता.

दादा पायरीवरून पाहत होता. दुपारपासून त्याच्या पोटातही त्या चोरलेल्या शेंगांपलीकडे काही नव्हते. थोड्या वेळाने तो उठला, चादरीच्या मोकळ्या बाजूला येऊन बसला आणि त्याने नेहमीच्या सवयीने, काहीच घडले नसावे तसा, हात पुढे केला.

ताईने चादरीचे ते टोक धरले आणि आपल्याकडे ओढून घेतले. शेंगा घरंगळत तिच्या गुडघ्याशी आल्या. दादाचा हात उघड्या जमिनीवर राहिला.

"यमू," तो म्हणाला, "भूक लागलीय गं."

"आत भात आहे," ताई म्हणाली. "पातेल्यावर झाकण घातलंय. तो खा. वहिनींनी शिजवलाय, त्या जिवंत आहेत."